दोन धावा, दहा यार्ड : नॉर्मी क्वाँग

बोकाठची

कॅनडातल्या कॅलगरीच्या डाउनटाउनला पश्चिमेकडून ट्रेनने येताना मेवाटा आर्मरी दिसते. लाल विटांची, कोपऱ्यांवर बुरूज असलेली जुनी लष्करी इमारत. तिच्या शेजारी स्केटबोर्ड खेळणाऱ्या पोरांचं पार्क आहे, सगळे सिमेंटचे चढउतार. नऊ वर्षं मी त्याच वाटेने कामाला जातेय, पण तिथे एकेकाळी फुटबॉलचं (इथलं, हातात बॉल घेऊन पळायचं; आपलं पायाने खेळायचं नव्हे) स्टेडियम होतं हे मला गेल्या हिवाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं. १९४८ साली त्या मेवाटा स्टेडियमच्या संघात, कॅलगरी स्टॅम्पीडर्समध्ये, याच शहरातल्या किराणा दुकानदाराचा अठरा वर्षांचा मुलगा आला. नॉर्मी क्वाँग. त्याच्यावर मराठीत काही सापडेना, म्हणून हा धागा काढतेय.

माझा मुलगा इथल्या शाळेच्या संघात खेळतो, बॉल घेऊन पळायच्या जागेवर. त्याच्या कोचने मुलांना क्वाँगबद्दल सांगितलं, मुलाने घरी येऊन मला सांगितलं, आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आधी नावाचं सांगते. जन्म २४ ऑक्टोबर १९२९, कॅलगरी. घरचं नाव लिम क्वाँग यू. चिनी पद्धतीत आडनाव पुढे असतं, म्हणजे घराणं लिम. इथल्या कागदांवर त्या क्रमाचा घोळ झाला आणि 'क्वाँग' हेच आडनाव होऊन बसलं. नॉर्मन लिम क्वाँग. बापाचं आडनाव मध्ये अडकलं. आपल्यापैकी जे इकडे आलेत त्यांना हे समजावून सांगायला नको. आमच्या घरात माझ्या सासऱ्यांचं नाव एका कागदावर नवऱ्याचं मधलं नाव आहे, दुसऱ्यावर आडनाव आहे, आणि मुलाच्या संघाच्या यादीत गेला अख्खा सीझन मुलाचं आडनाव म्हणून माझ्या नवऱ्याचं पहिलं नाव छापलं जात होतं. मी दोनदा सांगितलं. मुलगा म्हणाला, राहू दे गं आई.

क्वाँगचे आईवडील दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँग प्रांतातले. चिनी माणसाला कॅनडात पाय ठेवायचा तर डोईपट्टी भरावी लागे. १८८५ मध्ये ती ५० डॉलर होती, १९०० मध्ये १०० झाली आणि १९०३ पासून ५०० डॉलर. त्या काळी मजुराच्या जवळपास दोन वर्षांच्या कमाईएवढी रक्कम. ती फक्त चिन्यांना लागू होती. क्वाँगच्या घराने ती भरली. मग १९२३ मध्ये सरकारने पट्टी काढली आणि दारच लावून घेतलं : चिनी माणसाने यायचंच नाही. हा कायदा १९४७ पर्यंत होता. म्हणजे नॉर्मीचा जन्म, त्याची शाळा, दुकानात आईवडलांना केलेली मदत, शाळेतलं फुटबॉल, हे सगळं त्या बंद दाराच्या आतल्या बाजूला झालं. कायदा रद्द झाला १९४७ मध्ये आणि पोरगा स्टॅम्पीडर्समध्ये आला १९४८ मध्ये. एका वर्षाचं अंतर. मी हे पहिल्यांदा शेजारीशेजारी लिहून पाहिलं तेव्हा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडेच बघत बसले होते. कॅनेडियन व्यावसायिक फुटबॉलमधला तो पहिला चिनी वंशाचा खेळाडू.

१९४८ चा तो संघ इकडच्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. सीझनचे बाराच्या बारा सामने जिंकले. अंतिम सामना, म्हणजे ग्रे कप, टोरंटोला व्हर्सिटी स्टेडियमवर, २७ नोव्हेंबरला, ओटावाविरुद्ध. कॅलगरीहून खास ट्रेन गेली, तिच्यात माणसं होती तसे घोडेही होते. काऊबॉय टोप्या घातलेल्या लोकांनी टोरंटोच्या रस्त्यावर पॅनकेक भाजून वाटले आणि एकाने घोडा थेट मोठ्या हॉटेलच्या लॉबीत नेला. ग्रे कपच्या आठवड्याची जी जत्रा आज भरते ती या लोकांनी सुरू केली. सामना कॅलगरीने १२-७ ने जिंकला. नॉर्मीला एकोणीस पूर्ण होऊन महिना झाला होता. इतक्या लहान वयात ग्रे कप जिंकलेला त्याच्याआधी कुणी नव्हता.

पण त्याची खरी कारकीर्द उत्तरेला, एडमंटनला घडली. १९५१ मध्ये तो तिकडे गेला आणि १९६० पर्यंत तिथेच खेळला. १९५४, १९५५, १९५६ असे सलग तीन ग्रे कप. १९५५ मध्ये त्या सीझनला १२५० यार्ड धावला, देशातला सर्वोत्कृष्ट कॅनेडियन फुटबॉलपटू ठरला, आणि त्याच वर्षी सगळ्या खेळांतला मिळून कॅनडाचा सर्वोत्तम पुरुष खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. पुढच्या वर्षी कॅनेडियन फुटबॉलपटूचा मान पुन्हा त्यालाच.

त्याची जागा फुलबॅकची. हाफबॅक आणि फुलबॅक दोघेही बॉल घेऊन पळणारे, पण हाफबॅकला मोकळं मैदान मिळतं, कडेकडेने वळण घेता येतं, लोक ज्याच्यासाठी उभे राहतात अशी लांब धाव त्याच्या वाट्याला येते. फुलबॅकला समोरच्या भिंतीत घुसायचं असतं. सगळ्यात जड माणसं जिथे एकमेकांना ढकलत उभी असतात, बरोबर तिथेच. तीन यार्ड मिळतात, चार मिळतात, वर तीन माणसं पडतात, उठायचं, परत तेच. माझा मुलगा घरी येतो तेव्हा त्याच्या दोन्ही कोपरांच्या खाली हेल्मेटच्या रंगाचे ओरखडे असतात. आपल्या नाही, समोरच्या संघाच्या हेल्मेटचा रंग कातडीत घासला गेलेला. साबणाने निघत नाही, दोनतीन दिवस राहतो. क्वाँगने हे तेरा सीझन केलं.

एडमंटनमधल्या त्याच्या धावांची नोंद आहे ९०२२ यार्डांची, दर धावेला सरासरी ५.२. तेव्हा माझ्या मुलाने मला एक हिशेब करून दाखवला. कॅनडात दहा यार्ड पुढे जायला तीन संधी मिळतात, अमेरिकेत चार. इथे तिसऱ्या संधीला बहुतेक वेळा बॉल लाथ मारून लांब द्यावा लागतो, म्हणजे खरं तर हातात दोनच. आणि ५.२ दुणे किती?

त्याच्यावर अजून बरंच सांगण्यासारखं आहे. प्रतिसादांत लिहीन.

---

गोदातीर

ताई, छान लिहिलंय. मला हा खेळ अजिबात कळत नाही, तरी एका दमात वाचलं. एक शंका. ५.२ दुणे १०.४, हे समजलं. पण सरासरीच ना ती? एखादी लांब धाव मारून सरासरी वर जाऊ शकते की.

---

बोकाठची

@गोदातीर, बरोबर प्रश्न. हाफबॅकच्या बाबतीत तसंच होतं, पाच वेळा काहीच नाही आणि सहाव्यांदा साठ यार्ड. फुलबॅकच्या जागेवरून लांब धाव क्वचित निघते, म्हणून तिथून ५.२ काढणं अवघड. १९५५ चा ग्रे कप बघा. व्हँकुव्हरला, मॉन्ट्रियलविरुद्ध, ३४-१९ ने एडमंटन जिंकलं. त्या एका सामन्यात क्वाँगला तीस वेळा बॉल दिला गेला. तीस वेळा! १४५ यार्ड आणि दोन टचडाउन, म्हणजे दोनदा बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे नेला. तीस वेळा एकाच माणसाकडे बॉल जातोय हे समोरच्यांना दिसत नव्हतं असं थोडंच आहे. माहीत असूनही थांबवता आलं नाही.

---

सांगलीकर_चढाई

मी कॉलेजात कबड्डी खेळलोय, मातीवरची. तुमचं हे तीस वेळा वाचून अंगावर काटा आला.

कबड्डीत चढाईपटू पकडीत सापडला की सुटायला ताकदीपेक्षा एक गोष्ट जास्त लागते : कंबर खाली ठेवणं. उंच माणूस पकडला गेला की संपला, कारण त्याची मांडी उचलली जाते. ठेंगणा माणूस तीन जणांना ओढत मध्यरेषेपर्यंत हात नेतो. क्वाँगचे फोटो शोधून पाहिले. मान खांद्यात, गुडघे वाकलेले, बॉल पोटाशी. आमचे वस्ताद असंच बसायला सांगायचे. शेवटचा हातभर पल्ला आडवं होऊन मिळतो, उभं राहून नाही.

हाफबॅक आणि फुलबॅक याबद्दल अजून सांगा. हाफबॅक नुसताच पळतो का?

---

रुदरफर्डवासी

याचं उत्तर मी देऊ का? मी एडमंटनला राहतो आणि आमच्याकडे हाफबॅकच्या नावाचं मैदान आहे.

रोली माइल्स. स्ट्रॅथकोना भागात त्याच्या नावाचं ॲथलेटिक मैदान आहे. संध्याकाळी मी तिथे चालायला जायचो. मूळचा वॉशिंग्टन डी.सी.चा, जन्म १९२७, काळा माणूस, शिकला नॉर्थ कॅरोलिनातल्या सेंट ऑगस्टिन्स कॉलेजात. १९५१ मध्ये तो कॅनडात आला ते बेसबॉल खेळायला. त्याच वर्षी एडमंटनच्या फुटबॉल संघात शिरला आणि १९६१ पर्यंत राहिला. क्वाँग आणि तो एकाच सीझनला आले.

सांगलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या माणसात आहे. माइल्स बॉल घेऊन पळायचा. पासही झेलायचा. हाफबॅकच्या जागेवरून स्वतः पास फेकायचा. समोरच्याने लाथ मारलेला बॉल पकडून परत आणायचा. आणि बॉल समोरच्यांकडे गेला की मैदानाबाहेर न जाता बचावात उभा राहायचा, कारण त्या काळात बरेच खेळाडू दोन्ही बाजूंनी खेळत. पश्चिम विभागाच्या सर्वोत्तम संघात त्याची आठ वेळा निवड झाली, आणि ती एकाच जागेसाठी नाही, आक्रमणातही आणि बचावातही. आज दर जागेला वेगळा माणूस असतो. माइल्ससारखा खेळाडू आता होऊच शकत नाही, खेळाची रचनाच तशी उरलेली नाही.

निवृत्तीनंतर तो एडमंटनमध्येच राहिला, कॅथलिक शाळांमध्ये शारीरिक शिक्षणाचं काम केलं. १९८० मध्ये कॅनेडियन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला, १९९५ मध्ये वारला. मैदानाला नाव त्यानंतर मिळालं.

आणि जॉनी ब्राइटबद्दल लिहिल्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. उद्या लिहितो.

---

माळरान

बोकाठची, लेख आवडला, पण एका गोष्टीवर बोलायला हवं. 'चायना क्लिपर' हे त्याचं टोपणनाव तुम्ही मुद्दाम गाळलंत का? मी गूगल केलं तर जिथे तिथे तेच. जो माणूस कॅलगरीत जन्मला, ज्याने आयुष्य अल्बर्टा प्रांतात काढलं, त्याला सगळा देश 'चायना' म्हणून हाक मारत होता. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं हे खरं, पण घेतलं ते परका म्हणूनच. खेळाने दार उघडलं वगैरे आपण फार सहज लिहितो.

---

बोकाठची

@माळरान, गाळलं नाही. कसं लिहावं ते ठरत नव्हतं.

चायना क्लिपर हे विमानाचं नाव होतं. पॅन ॲमचं समुद्रावर उतरणारं मोठं विमान, नोव्हेंबर १९३५ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोहून मनिलापर्यंत पहिली टपाल नेली. त्या काळात वेगाचं प्रतीकच ते. म्हणजे ज्याने नाव दिलं त्याला बहुधा कौतुकच करायचं होतं. पण तुमचं म्हणणं मला पटतं. त्याच संघातल्या टेनेसीहून आलेल्या गोऱ्या खेळाडूला कुणी त्याच्या आजोबांच्या देशावरून हाक मारली नाही. आणि ज्याचं खरं आडनाव आधीच कागदावर हरवलं होतं अशा माणसाच्या वाट्याला आणखी एक दुसऱ्याने दिलेलं नाव आलं. हे मला खुपतं.

'खेळाने दार उघडलं' असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. दार कायद्याने लावलं होतं आणि कायद्यानेच उघडलं. त्यासाठी चिनी समाजातली माणसं झगडली, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या गणवेशात लढून परत आली आणि मग हक्क मागितले. क्वाँग दार उघडल्यावर आत आला आणि समोरच्या भिंतीत घुसला. त्याचं श्रेय तेवढंच आणि ते पुष्कळ आहे.

---

प्राचीदिशा

माळरान आणि बोकाठची, दोघांचंही पटलं.

यात आपलाही धागा आहे. चिन्यांवर डोईपट्टी होती तर भारतीयांसाठी १९०८ चा नियम होता : आपल्या देशातून निघालेलं जहाज मध्ये कुठेही न थांबता थेट कॅनडात आलं पाहिजे. भारतातून तसं जहाजच नव्हतं. नियमात भारतीय हा शब्दसुद्धा नव्हता आणि भारतीय माणूस मात्र येऊ शकत नव्हता. १९१४ मध्ये कोमागाता मारू व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने उभं राहून परत गेलं ते याच नियमामुळे. आज आपण कॅलगरी-एडमंटनला गणपती बसवतो, ढोल वाजवतो, त्याच्या मागे हे सगळं आहे.

आणि नावांचाच विषय निघालाय म्हणून. क्वाँगच्या एडमंटनच्या संघाचं तेव्हाचं नाव एस्किमोज. उत्तरेतल्या इनुइट लोकांना हा शब्द बाहेरच्यांनी चिकटवलेला, त्यांना तो नको होता. २०२० मध्ये संघाने ते नाव टाकलं, २०२१ पासून एल्क्स. एका संघात किती जणांना दुसऱ्याने दिलेल्या नावाने खेळावं लागलं बघा.

---

रुदरफर्डवासी

काल म्हटलं होतं त्याप्रमाणे.

आमच्या रुदरफर्ड भागात २०१० मध्ये सुरू झालेली सरकारी शाळा आहे, जॉनी ब्राइट स्कूल. माझी मुलगी तिथे होती. पालकसभेच्या आधी मला वाटायचं जॉनी ब्राइट म्हणजे कुणी जुना शिक्षणमंत्री असेल. होता तो शिक्षकच, पण त्याआधी बरंच काही होतं.

ब्राइट अमेरिकेत आयोवातल्या ड्रेक विद्यापीठाचा खेळाडू. काळा. २० ऑक्टोबर १९५१ ला ओक्लाहोमा राज्यात स्टिलवॉटर गावी सामना होता. त्याच्या हातात बॉल नसताना, बॉल दुसरीकडे गेलेला असताना, समोरच्या संघातल्या खेळाडूने त्याच्या जबड्यावर कोपर मारलं. पहिल्या सात मिनिटांत तो तीनदा बेशुद्ध पडला. जबडा मोडला. तशा मोडक्या जबड्याने त्याने एक टचडाउनचा पास फेकला आणि मग मैदान सोडलं. डे मॉइन्सच्या वर्तमानपत्राच्या दोन छायाचित्रकारांनी तो प्रसंग एकापाठोपाठ एक टिपला होता, त्या फोटोंना १९५२ चं पुलित्झर मिळालं. मारणाऱ्याला शिक्षा झाली नाही. त्या विद्यापीठाने माफी मागितली ती २००५ मध्ये. तोवर ब्राइट जाऊन बावीस वर्षं झाली होती.

अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये फिलाडेल्फियाने त्याला पहिल्याच फेरीत निवडलं होतं. दक्षिणेतल्या खेळाडूंबरोबर खेळायचं, ते कसे वागतील, या विचाराने त्याने ते नाकारलं आणि कॅलगरीला आला. १९५४ मध्ये एडमंटन. १९५६ मध्ये कोच पॉप आयव्हीने असं केलं की क्वाँग आणि ब्राइट, दोघेही फुलबॅक, एकाच वेळी मैदानात. समोरच्याने कुणाला अडवायचं? त्या वर्षीचा ग्रे कप एडमंटनने ५०-२७ ने जिंकला.

ब्राइटने निवृत्त होईपर्यंत १०,९०९ यार्ड केले. खेळत असतानाच तो एडमंटनच्या शाळांमध्ये शिकवायला लागला, पुढे मुख्याध्यापक झाला, १९६२ मध्ये कॅनडाचं नागरिकत्व घेतलं. १९८३ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी हृदय बंद पडून गेला.

एक मागच्या पिढीपासून इथला, दोघे अमेरिकेतून इथे आलेले. तिघेही अल्बर्टातच राहिले.

---

गोदातीर

रुदरफर्डवासी, हे वाचून गप्प झालो. धन्यवाद.

हलकं विचारतो. १९५४ चा ग्रे कप फार गाजला असं एका ठिकाणी वाचलं. काय झालं होतं?

---

रुदरफर्डवासी

तीन मिनिटं उरली होती. मॉन्ट्रियल २५-२० ने पुढे आणि बॉलही त्यांच्याकडे, एडमंटनच्या गोलरेषेच्या अगदी जवळ. एडमंटन हरल्यातच जमा. मॉन्ट्रियलच्या चक हन्सिंगरच्या हातून बॉल सुटला. जॅकी पार्करने तो उचलला आणि समोर मोकळं मैदान होतं. नव्वद यार्ड. त्या काळात टचडाउनचे पाच गुण, सहा झाले ते १९५६ पासून. म्हणून २५-२५. मग बॉब डीनने लाथेने जादा गुण मिळवला. २६-२५.

पार्कर त्या वर्षी हाफबॅकच्या जागेवर खेळत होता. क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल वाटणारा आणि पास फेकणारा, झाला पुढच्या वर्षी.

---

सांगलीकर_चढाई

शेवटच्या चढाईला लोण! वा.

ताई, क्वाँगचं पुढे काय झालं ते राहिलं.

---

बोकाठची

हो, लिहिते. १९६० मध्ये खेळणं थांबवलं, त्याच वर्षी लग्न केलं, चार मुलगे झाले. खेळताना आणि नंतरही शेअर दलाली, जमीनजुमल्याचं काम. त्या काळात फुटबॉलवर घर चालत नसे. १९६९ मध्ये हॉल ऑफ फेम. १९८० मध्ये अटलांटाचा आइस हॉकी संघ कॅलगरीला आला, फ्लेम्स, त्याच्या मालकांपैकी तो एक. १९८९ मध्ये फ्लेम्सने स्टॅनली कप, म्हणजे आइस हॉकीचा सगळ्यात मोठा कप, जिंकला आणि मालकांच्या नावांत त्याचंही नाव कोरलं गेलं. ग्रे कप आणि स्टॅनली कप, दोन्हींवर नाव असलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्याच सुमारास, १९८८ ते १९९१, ज्या स्टॅम्पीडर्समधून सुरुवात केली त्यांचाच तो अध्यक्ष आणि जनरल मॅनेजर होता. संघ पैशांनी पार खचलेला होता तेव्हा. १९९१ मध्ये त्यांना ग्रे कपच्या अंतिम सामन्यापर्यंत आणून ठेवलं.

आणि मग जानेवारी २००५ मध्ये तो अल्बर्टाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. आपल्याकडचा राज्यपाल समजा, पण इथे तो तेव्हा राणीचा प्रतिनिधी असे. त्याच वर्षी मे महिन्यात अल्बर्टाच्या शताब्दीसाठी राणी एलिझाबेथ स्वतः आल्या. त्यांच्या स्वागताला त्यांचा प्रतिनिधी म्हणून कोण उभा होता, तर ज्याच्या घरच्यांनी याच राणीच्या पणजोबांच्या राज्यात डोईपट्टी भरली होती तो मुलगा.

२२ जून २००६ ला कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत डोईपट्टीबद्दल चिनी समाजाची माफी मागितली. पट्टी भरलेले जे मोजके म्हातारे जिवंत होते त्यांना, किंवा मागे राहिलेल्या जोडीदाराला, २०,००० डॉलर. तो दिवस आला तेव्हा क्वाँग एडमंटनला, राज्याचा प्रमुख म्हणून पदावर होता. २०१० पर्यंत राहिला. ३ सप्टेंबर २०१६ ला कॅलगरीत गेला, वय ८६.

---

माळरान

हे माहीत नव्हतं. माझ्या प्रतिसादातला सूर थोडा चढला होता, पण मुद्दा कायम आहे आणि तुम्ही तो समजून घेतलात. आभार.

एक राहून राहून वाटतं. वडलांना कसं वाटत असेल, दुकानात येणारे लोक मुलाला दुसऱ्याच आडनावाने हाक मारतात तेव्हा?

---

प्राचीदिशा

माळरान, माझ्या बाबांना मी इथे आल्यावर पहिल्यांदा पत्रावर माझं नाव कसं लिहितात ते दाखवलं होतं. ते बराच वेळ पाकीट हातात धरून बसले. मग म्हणाले, पोचलं ना पत्र? पोचलं तर झालं. पण पाकीट मात्र त्यांनी फेकलं नाही, कपाटात ठेवलं.

---

बोकाठची

धागा वर काढतेय.

मे महिना लागला, मुलाचं स्प्रिंग कॅम्प सुरू झालं. काल मुद्दाम मी आणि तो मेवाटाला उतरलो. स्टेडियमचं काही उरलेलं नाही. आर्मरीच्या भिंतीपासून नदीच्या दिशेने आम्ही पावलं मोजत गेलो, एकशे दहा यार्डांचं मैदान कुठून कुठवर असेल याचा अंदाज घ्यायला. तो पुढे, मी मोजत मागे. मध्येच स्केटबोर्डचा खड्डा आला आणि मोजणी थांबली. तो खड्ड्याच्या काठावर गुडघे वाकवून बसला, पोटाशी हात घेऊन, सांगलीकरांनी सांगितलं तसा. मी हा धागा त्याला वाचून दाखवला होता.

कॅम्पच्या पहिल्या आठवड्यात कोच मुलांच्या हेल्मेटवर समोर पांढरी चिकटपट्टी लावतात आणि मार्करने आडनाव लिहितात, नवी मुलं ओळखू यावीत म्हणून. यंदाही यादीवरून याच्या बापाचं पहिलंच नाव आलं होतं. घरी आल्यावर त्याने पट्टी नखाने सोलून काढली, माझ्या शिवणाच्या डब्यातून कात्री घेतली, नवी पट्टी कापली आणि स्वतः लिहायला बसला. आमचं आडनाव लांब आहे. कपाळावर मावेना. शेवटची तीन अक्षरं त्याने वळवून डाव्या कानाच्या भोकापर्यंत नेली.